ओपनव्हीपीएन चालू असतानाही साइटची नावं घरच्या राउटरला दिसतायत (उबंटू २४.०४)

सिद्धेश्वरपेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबेल, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच सांगते.

मी सोलापुरातल्या एका छोट्या संस्थेत कागदपत्रं आणि संगणक असं दोन्ही सांभाळते. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना वकील, दवाखाना, राहायची सोय मिळवून देणं हे आमचं काम. आमच्या कार्यकर्त्या बरेचदा स्वतःच्या घरूनच काम करतात. एकत्र कुटुंब, एकच वायफाय, आणि राउटरचा पासवर्ड दिराकडे नाहीतर सासऱ्यांकडे. त्यामुळे 'इंटरनेट कंपनीला काय दिसतं' यापेक्षा 'घरातल्या माणसाला काय दिसतं' हा आमचा खरा प्रश्न आहे. काही बायका तर आमच्याच कार्यकर्त्यांच्या नात्यागोत्यातल्या असतात. कुठल्या वसतिगृहाची साइट उघडली, कुठल्या तालुक्याच्या कोर्टाची तारीख पाहिली, एवढं कळलं तरी एखादीचा ठावठिकाणा लागू शकतो.

म्हणून संस्थेचा स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर आहे. सगळ्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४. टर्मिनलमधून जोडतो:

सुडो ओपनव्हीपीएन --कॉन्फिग संस्था.ओव्हीपीएन

जोडणी व्यवस्थित होते. 'माझा आयपी काय' असं विचारलं की सर्व्हरचाच आयपी येतो. आतली केस नोंदवही मात्र नावाने उघडत नाही, आयपी टाकला तरच उघडते. त्याकडे आजवर कुणी फार लक्ष दिलं नव्हतं.

परवा एका कार्यकर्तीच्या घरी गेले होते. तिच्या राउटरच्या पानावर पॅरेंटल कंट्रोलच्या खाली उपकरणानुसार साइटची यादी असते. तिच्या लॅपटॉपच्या नावापुढे त्याच दुपारी उघडलेल्या साइटची नावं ओळीने लागलेली होती, आणि त्या वेळी व्हीपीएन चालू होता. लीक (व्हीपीएन चालू असूनही नावं बाहेर गळतात का ते) तपासणाऱ्या साइटवरही तिच्या इंटरनेट कंपनीचेच सर्व्हर दिसले.

आयपी बदललेला असताना नावं राउटरपर्यंत पोचतातच कशी? आणि हे पक्कं बंद कसं करायचं? पक्कं म्हणजे कार्यकर्तीने नुसता लॅपटॉप उघडून काम सुरू करावं, तिच्या डोक्याला दुसरा काही विचार नको.

---

डेबियनभक्त

ताई, सोपं आहे. /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल उडवा, त्याच नावाची नवी करा, आत 'नेमसर्व्हर १.१.१.१' (हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) ही एकच ओळ लिहा आणि फाइल कुलूपबंद करा:

सुडो सीएचअ‍ॅटर +आय /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

मग कुणीही ती बदलू शकत नाही. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

---

वारणाकाठ

सिद्धेश्वरपेठ ताई, राउटरच्या पानापर्यंत जाऊन पाहिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक आयपी बदललेला दिसला की तिथेच थांबतात.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाकायच्या.

आधी कारण पाहू, कारण ते समजलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच जमेल. जोडणी होताना ओपनव्हीपीएन जो मजकूर टर्मिनलवर ओततो, त्यात 'पुश रिप्लाय' असलेली ओळ शोधा. त्या ओळीत साधारण हे सापडेल: 'रीडायरेक्ट-गेटवे डीईएफ१', आणि पुढे कुठेतरी 'डीएचसीपी-ऑप्शन डीएनएस १०.८.०.१'. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. पहिल्याचा अर्थ, सगळी रहदारी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनच्या जोडणीतून, जाऊ दे. दुसऱ्याचा अर्थ, नावं विचारायची ती १०.८.०.१ ला विचार.

पहिली सूचना ओपनव्हीपीएन स्वतः पाळतं. दुसरी, उबंटू २४.०४ वर असं टर्मिनलमधून चालवलेलं नेहमीचं ओपनव्हीपीएन स्वतः पाळत नाही. ती माहिती ते फक्त एका बाहेरच्या स्क्रिप्टच्या हाती देतं. कॉन्फिगमध्ये तशी स्क्रिप्ट सांगितलेली नसेल तर सूचना येते आणि हवेत विरते. विंडोजवर हाच डीएनएस पत्ता कार्डावर लागतो, म्हणून तिकडे 'चालतंय की' असं वाटतं.

आता उबंटूत नावं शोधायचं काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड करतं. प्रत्येक प्रोग्राम १२७.०.०.५३ ला विचारतो, आणि पुढे कुणाला विचारायचं ते रिझॉल्व्हड ठरवतं. त्याच्या वहीत प्रत्येक इंटरफेसपुढे त्याचे डीएनएस सर्व्हर लिहिलेले असतात. तुमच्या वायफायपुढे राउटरने दिलेला १९२.१६८.१.१ आहे, बोगद्यापुढे काहीच नाही. मग बिचारं विचारणार कुणाला? वायफायवाल्याला.

इथे 'पण सगळी रहदारी तर बोगद्यातून जाते ना' असं वाटतं, तो प्रश्न या एका कमांडने सुटतो:

आयपी राउट गेट १९२.१६८.१.१

उत्तरात 'डेव्ह डब्ल्यूएलपी३एस०' असं काहीतरी येईल, म्हणजे तुमचं वायफाय. आता १.१.१.१ साठी हीच कमांड चालवा, 'डेव्ह टीयूएन०' येईल, म्हणजे बोगदा. डीईएफ१ हे ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन मोठे रस्ते टाकतं आणि त्यात सगळं जग येतं. पण घरच्या जाळ्याचा १९२.१६८.१.०/२४ हा रस्ता त्यांच्याहून नेमका असतो, आणि लिनक्स नेहमी जास्त नेमका रस्ता निवडतं. त्यामुळे राउटरला केलेला प्रश्न बोगद्यात शिरतच नाही, थेट राउटरच्या हाती पडतो. पत्र बंद पाकिटात घालायचं आणि पत्ता मात्र शेजाऱ्याला मोठ्याने विचारायचा, तसं झालंय. तुमच्या त्या यादीला राउटरने काही फोडावं लागलेलं नाही, नावं त्यालाच विचारली गेली होती.

आणि म्हणूनच आतली नोंदवही नावाने उघडत नव्हती. ते नाव फक्त तुमच्या सर्व्हरच्या डीएनएसला माहीत आहे. कुणाकडे नोंदवही नावाने उघडत नाही असं कळलं की लीक तिथे आहेच असं धरून चला.

आत्ता लगेच पाहायचं असेल तर जोडणी चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये:

सुडो रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस टीयूएन० १०.८.०.१
सुडो रिझॉल्व्हसीटीएल डोमेन टीयूएन० '~.'
सुडो रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस

मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक लोक नेमकी तीच विसरतात. नुसता डीएनएस दिला तर रिझॉल्व्हड बोगद्याच्या आणि वायफायच्या, दोन्हीकडच्या सर्व्हरना एकाच वेळी विचारू शकतं आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतं. लीक तसाच राहतो, फक्त कधी दिसतो कधी नाही. '~.' म्हणजे 'कुठलंही नाव असो, इकडेच विचार'.

मग 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवून वायफायच्या लिंकखाली काय आहे ते नीट वाचा. तिथेही 'डीएनएस डोमेन' पुढे '~.' असेल, तर दोघांचा हक्क सारखा झाला आणि प्रश्न पुन्हा दोन्हीकडे जाणार. अशा वेळी:

सुडो रिझॉल्व्हसीटीएल डोमेन डब्ल्यूएलपी३एस० ''

हा झाला तात्पुरता इलाज. बोगदा बंद झाला की ही मांडणी पुसली जाते, आणि वायफाय नव्याने जोडलं की नेटवर्क मॅनेजर वायफायची बाजू पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लिहितो. पक्का इलाज रात्री लिहितो, एका लॅपटॉपवर तपासून.

डेबियनभक्त, तुमच्या युक्तीबद्दल दोन शब्द. बोगदा चालू असेल तर १.१.१.१ ला केलेला प्रश्न बोगद्यातूनच जाईल, राउटरला दिसणार नाही, हे खरं. पण बोगदा मध्येच तुटला तर तोच प्रश्न उघडा, पोर्ट ५३ वरून, त्याच राउटरमधून बाहेर पडेल. आणि आतली नोंदवही कधीच नावाने उघडणार नाही, कारण १.१.१.१ ला ते नाव माहीत नाही. एकट्याने वापरायच्या लॅपटॉपवर चालून जाईल. ताईंच्या कामात, जिथे नाव दिसणं म्हणजेच धोका, तिथे मी हे सुचवणार नाही.

---

सिद्धेश्वरपेठ

दादा, माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. पुश रिप्लायच्या ओळीत डीएनएस खरंच होता, इतके दिवस डोळ्यासमोरून जात होता. तीन कमांड टाकल्याबरोबर नोंदवही नावाने उघडली.

पण मला आता लीक तपासणाऱ्या साइटवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाहीये. त्या साइटना माझा राउटर दिसतो का? की नुसता पलीकडचा सर्व्हर?

---

वारणाकाठ

नेमका प्रश्न विचारलात. त्या साइट ब्राउझरला काही विचित्र, आजवर कुणी न विचारलेली नावं उघडायला लावतात आणि शेवटी त्यांच्या नेमसर्व्हरपाशी विचारत कोण आलं ते पाहतात. म्हणजे त्यांना साखळीतला शेवटचा माणूस दिसतो. मधला राउटर दिसत नाही. शिवाय ती तपासणी ब्राउझरपुरती असते. मेलचा प्रोग्राम, अपडेट, घड्याळ जुळवणारी सेवा कुणाला विचारतात ते त्यात येत नाही.

माझा भरवसा एकाच गोष्टीवर: वायफायच्या कार्डावरून प्रत्यक्ष बाहेर काय पडतं ते पाहणं.

सुडो टीसीपीडंप -एनआय डब्ल्यूएलपी३एस० पोर्ट ५३ ऑर पोर्ट ८५३

५३ हे साध्या डीएनएसचं पोर्ट, ८५३ हे एन्क्रिप्टेड डीएनएसचं. इंटरफेसचं नाव 'आयपी लिंक' मध्ये बघून आपलं टाका. '-एन' हवंच, नाहीतर आयपींची नावं शोधायला टीसीपीडंप स्वतःच डीएनएसला विचारत बसेल आणि तुम्ही त्याचेच प्रश्न मोजाल. ही खिडकी एका बाजूला उघडी ठेवा आणि दुसरीकडे आज न उघडलेली एखादी साइट उघडा. लीक असेल तर अशी ओळ पडेल:

१९२.१६८.१.३४.४८२११ > १९२.१६८.१.१.५३: २०७१३+ ए? एक्झाम्पल.कॉम.

डावीकडे तुमचा लॅपटॉप आणि त्याचं पोर्ट, बाणापुढे राउटर, शेवटचं ५३ म्हणजे डीएनएस. पुढचा आकडा त्या प्रश्नाचा क्रमांक, 'ए?' म्हणजे आयपीव्ही४ पत्ता विचारला. आणि मग साइटचं अख्खं नाव, उघडंनागडं. बोगदा नीट असेल तर ही खिडकी कोरी राहते. व्हीपीएनची सगळी रहदारी दुसऱ्या पोर्टवरून, बहुधा यूडीपी ११९४ वरून, गुंडाळलेली जात असते आणि ती या गाळणीत येत नाही.

कार्यकर्त्यांना दाखवायलाही हे उत्तम. व्हीपीएन बंद करून एकदा, चालू करून एकदा, एवढं दाखवलं की वेगळं समजवावं लागत नाही.

जोडीला 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी' पुढे साइटचं नाव द्या. उत्तराच्या ओळीत शेवटी 'लिंक:' लिहून इंटरफेसचं नाव येतं. तिथे टीयूएन० हवं. आधी कॅश रिकामी करा, नाहीतर जुनंच उत्तर मिळेल.

---

वारणाकाठ

आता पक्का इलाज. टर्मिनलमधून जोडणं सोडा. मला स्वतःला टर्मिनल आवडतं, पण कार्यकर्तीच्या लॅपटॉपवर ते योग्य नाही. वायफाय नेटवर्क मॅनेजर सांभाळतो आणि बोगदा दुसरंच कुणी, यातूनच हे सगळं उद्भवलंय. दोन्ही एकाच्याच हाती द्या.

सुडो एपीटी इन्स्टॉल नेटवर्क-मॅनेजर-ओपनव्हीपीएन-ग्नोम
एनएमसीएलआय कनेक्शन इम्पोर्ट टाइप ओपनव्हीपीएन फाइल संस्था.ओव्हीपीएन

आता वर उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत 'संस्था' नावाचा व्हीपीएन दिसेल. पुढे:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय संस्था आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी -५०
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय संस्था आयपीव्ही६.डीएनएस-प्रायॉरिटी -५०

मुळात व्हीपीएनची प्रायॉरिटी ५० असते आणि वायफायची १००. आकडा जितका लहान तितका मान मोठा. पण शून्याच्या खाली गेलात की नियमच बदलतो: मग सगळ्यात लहान आकडा ज्याचा, फक्त त्याचेच सर्व्हर वापरले जातात, बाकीचे बाजूला पडतात. आपल्याला नेमकं तेच हवंय. ५० ऐवजी दुसरा कुठला आकडा घेतलात तरी हरकत नाही, उणे हवा एवढंच.

याने आणखी एक बारीक भोक बुजतं. काही राउटर डीएचसीपीबरोबर (उपकरणांना पत्ते वाटायच्या पद्धतीबरोबर) स्वतःचं एक डोमेन देतात, 'लॅन' किंवा 'होम' असलं काहीतरी. '~.' असूनही त्या डोमेनची नावं वायफायकडेच जातात, कारण रिझॉल्व्हडलाही जास्त नेमकं जुळणारं आवडतं. उणे प्रायॉरिटीत त्या पोटनावांचाही हक्क जातो.

ज्यांना टर्मिनलमधूनच चालवायचंय त्यांनी 'ओपनव्हीपीएन-सिस्टमडी-रिझॉल्व्हड' हे पॅकेज टाकावं. त्यात 'अपडेट-सिस्टमडी-रिझॉल्व्हड' नावाची स्क्रिप्ट येते, ती कॉन्फिगमध्ये 'अप' आणि 'डाउन' ला जोडायची, 'स्क्रिप्ट-सिक्युरिटी २' आणि 'डाउन-प्री' लिहायचं, आणि 'डीएचसीपी-ऑप्शन डोमेन-राउट .' ही ओळ विसरायची नाही. '~.' त्या ओळीमुळेच लागतं.

---

ओसरीवरून

छान चाललंय. एक गोष्ट कुणी काढली नाही, ती आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत (१९२.१६८.१.१ सारखे नेहमीचे पत्ते ते आयपीव्ही४). आपल्याकडे मोबाइलवर तर सर्रास आणि घरच्या फायबरवरही आता पुष्कळ ठिकाणी आयपीव्ही६ मिळतं. तुमचा व्हीपीएन सर्व्हर फक्त आयपीव्ही४ चा असेल, आणि लहान संस्थांचा बहुधा तसाच असतो, तर घडतं ते असं: नाव अगदी शिस्तीत बोगद्यातून विचारलं जातं, उत्तरात आयपीव्ही६ चा पत्ताही येतो, आणि ब्राउझर त्या पत्त्याकडे वायफायवरून थेट निघतो. बोगद्याने फक्त आयपीव्ही४ चे रस्ते अडवलेले असतात.

हा डीएनएस लीक नव्हे, टीसीपीडंपची ती ५३ ची खिडकी कोरीच राहील. पण नुकसान तेच, किंबहुना जास्त, कारण साइटचं नाव जोडणीच्या सुरुवातीलाच उघडं जातं आणि समोरच्या साइटलाही घरचा पत्ता कळतो. तपासायला:

आयपी -६ राउट गेट २६०६:४७००:४७००::११११

उत्तरात टीयूएन० ऐवजी वायफाय आलं तर समजा. सर्व्हरवर आयपीव्ही६ नीट चालू करणं हा खरा मार्ग. ते होईपर्यंत कार्यकर्त्यांच्या वायफाय जोडणीवर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "घरचं वायफाय" आयपीव्ही६.मेथड डिसेबल्ड

मग वायफाय बंद करून चालू करा. ही मांडणी त्या एका वायफायपुरतीच असते. फोनचा हॉटस्पॉट जोडला की ती वेगळी जोडणी, तिथे पुन्हा करावं लागतं. आणि हॉटस्पॉटवरच आयपीव्ही६ हमखास असतं.

दुसरं, ज्यांच्याकडे डॉकर आहे त्यांच्यासाठी. उबंटूवर डॉकर होस्टची १२७.०.०.५३ ची ओळ कंटेनरला देऊ शकत नाही, म्हणून तो /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/ मधली रिझॉल्व्ह.कॉन्फ उचलतो. त्या फाइलीत सगळ्या लिंकचे सर्व्हर एकाखाली एक सपाट लिहिलेले असतात, '~.' ला तिथे काही अर्थ नाही. होस्ट चोख आणि कंटेनर मात्र राउटरला विचारतोय असं मी माझ्याच मशीनवर टीसीपीडंपमध्ये पाहिलंय. कंटेनर चालवताना '--डीएनएस १०.८.०.१' द्या.

---

सिद्धेश्वरपेठ

डॉकर आमच्याकडे नाही, पण आयपीव्ही६ चं अगदी खरं निघालं. माझ्या घरी नाहीच, त्या कार्यकर्तीच्या घरी आहे. तिच्या वायफायवर बंद केलं. हॉटस्पॉटचीही जोडणी करून ठेवली, कारण वीज गेली की ती फोनवरूनच काम करते.

वारणाकाठ दादांच्या पद्धतीने दोन लॅपटॉप केले. टीसीपीडंप कोरा. राउटरच्या पानावरही दुपारनंतर त्या लॅपटॉपपुढे एकही नवं नाव नाही.

आता उरलेलं भय सांगते. मेनूतून व्हीपीएन जोडायचं राहिलं, किंवा मध्येच तुटला आणि तिला कळलं नाही, तर? ती बाई फोनवर रडत असते, ही एकीकडे पत्ता शोधत असते. त्या वेळी कोपऱ्यातलं चिन्ह बघायचं भान कुणाला राहणार?

आणि एका लॅपटॉपवर लीकच्या साइटवर क्लाउडफ्लेअर दिसतं. हे काय?

---

वारणाकाठ

क्लाउडफ्लेअरचं आधी, कारण ते लहान आहे. फायरफॉक्समध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू असेल. मग ब्राउझर सिस्टमला न विचारता स्वतःच पोर्ट ४४३ वरून नावं विचारतो. बोगदा चालू असताना तेही बोगद्यातूनच जातं, त्यामुळे घरात कुणाला दिसत नाही. पण आतली नावं त्या वाटेने सापडत नाहीत, आणि नावांची यादी संस्थेच्या सर्व्हरऐवजी तिसऱ्याकडे जमा होते. सेटिंग्जच्या शोधात 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' टाका आणि बंद करा.

आता तुमचं भय. ते रास्त आहे, आणि त्याचा बंदोबस्त माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नये. दोन भाग आहेत.

एक, वायफाय जोडलं की व्हीपीएन आपोआप जोडला जावा. 'एनएम-कनेक्शन-एडिटर' उघडा, त्या वायफायच्या 'जनरल' टॅबमध्ये 'ऑटोमॅटिकली कनेक्ट टू व्हीपीएन' असा चौकोन आहे, तिथे संस्था निवडा. पासवर्ड लागत असेल तर तो 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' साठवावा लागतो, नाहीतर तो मागायची खिडकी येते किंवा जोडणी गुपचूप अयशस्वी होते. साठवलेला पासवर्ड डिस्कवर राहतो, म्हणून लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड असणं इथे ऐच्छिक नाही.

दोन, बोगदा नसेल तर नावं विचारलीच जाऊ नयेत. राउटरकडे जाणारी वाटच यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद:

सुडो यूएफडब्ल्यू डिनाय आउट ऑन डब्ल्यूएलपी३एस० टू एनी पोर्ट ५३
सुडो यूएफडब्ल्यू डिनाय आउट ऑन डब्ल्यूएलपी३एस० टू एनी पोर्ट ८५३
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

बोगदा तुटला की साइट उघडणारच नाहीत. त्या क्षणी कार्यकर्तीला 'नेट गेलं' असं वाटेल, आणि आपल्याला तेच हवंय: काम थांबावं, पण नाव बाहेर जाऊ नये. फायरफॉक्सचं ते सेटिंग बंद ठेवणं यासाठीही गरजेचं आहे. ते ४४३ वरून जातं, त्याला ही भिंत अडवत नाही.

हे करण्यापूर्वी एक गोष्ट, नाहीतर लॅपटॉप अडकून बसेल. संस्था.ओव्हीपीएन मध्ये 'रिमोट' पुढे सर्व्हरचं नाव असेल तर ते शोधायलाही डीएनएस लागतो, आणि तो आपण आत्ताच बंद केला. म्हणून तिथे नावाऐवजी आयपी लिहा. नेटवर्क मॅनेजरमध्ये आधीच इम्पोर्ट केलं असेल तर तिथल्या गेटवेच्या रकान्यात बदला. सर्टिफिकेटची तपासणी या नावावर अवलंबून नसते, ती जशीच्या तशी चालते.

यूएसबीने फोन जोडला तर त्याचा इंटरफेस वेगळा असतो आणि वरचा नियम त्याला लागू होत नाही. त्या कार्यकर्तीला केबल नको, वायफाय हॉटस्पॉटच वापरायला सांगा. रेल्वे स्टेशन, हॉटेल अशा ठिकाणी लॉगिनचं पान उघडायला डीएनएस लागतो, तेही आता उघडणार नाही. तिथे फोनचंच नेट वापरणं बरं.

---

डेबियनभक्त

वारणाकाठ, बोगदा तुटल्यावरचा मुद्दा मला पटला. माझ्याकडे ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड हा दुसरा व्हीपीएन आहे. तिथेही हेच का?

एक सूचना ताईंना: एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखाद्या मोठ्या कंपनीचा तयार व्हीपीएन घेतला तर? त्यांच्या लिनक्स अ‍ॅपमध्ये हे सगळं आतच केलेलं असतं.

---

वारणाकाठ

वायरगार्डमध्ये डब्ल्यूजी-क्विक ही जोडणी करणारी कमांड हे काम बरंचसं स्वतः करते. कॉन्फिगच्या 'इंटरफेस' भागात 'डीएनएस = ' ही ओळ असली की ते 'रिझॉल्व्हकॉन्फ' नावाच्या कमांडला हाक मारतं. उबंटूच्या काही आवृत्त्यांवर ती कमांडच नसते, आणि 'रिझॉल्व्हकॉन्फ: कमांड नॉट फाउंड' म्हणून सगळी जोडणी कोसळते. मग लोक वैतागून डीएनएसची ओळच काढून टाकतात. जोडणी होते आणि लीक सुरू होतो. ओळ काढायची असेल तर तिच्या जागी हे लिहा:

पोस्टअप = रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस %आय १०.६४.०.१; रिझॉल्व्हसीटीएल डोमेन %आय '~.'

मधला पत्ता तुमच्या सर्व्हरने दिलेला. आणि 'अलाउडआयपीज' मध्ये ०.०.०.०/० बरोबर ::/० सुद्धा हवं, ओसरीवरून यांनी सांगितलेल्या कारणासाठी.

तयार व्हीपीएनबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार लोकांना सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी अशी माहिती ५ वर्षं जपून ठेवायची आहे. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. संस्थेने स्वतःच्या माणसांसाठी चालवलेला अंतर्गत व्हीपीएन त्या निर्देशांत येत नाही, असं सर्ट-इनच्याच खुलाशात आहे. ताईंचा सर्व्हर त्यांच्याच ताब्यात आहे, नोंदवहीही त्याच्याच आत. तो सोडून दुसऱ्याकडे जाण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

---

सिद्धेश्वरपेठ

सगळ्या लॅपटॉपवर बसवलं. भिंत तपासायला काम चालू असताना मुद्दाम सर्व्हरवरची ओपनव्हीपीएन सेवा बंद केली. साइट थांबल्या, टीसीपीडंपमध्ये एकही ओळ नाही. सेवा चालू केल्यावर एका लॅपटॉपवर बोगदा आपला आपण जोडला गेला नाही, वायफाय बंद-चालू करावं लागलं. ते आमच्या सूचनांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: साइट उघडत नसतील तर वायफाय बंद करा, चालू करा, तरीही नाही झालं तर मला फोन करा, दुसरं काहीही बदलू नका.

त्या कार्यकर्तीच्या राउटरमधली जुनी यादीही पुसून घेतली. तिनेच दिराकडून पासवर्ड मागून घेतला, 'नेट हळू चालतंय, बघायचंय' असं सांगून.

एक लॅपटॉप लिनक्स मिंट २१ चा आहे. त्यावरही हेच चालेल ना?

---

ओसरीवरून

चालेल. मिंट २१ हे उबंटू २२.०४ वर उभं आहे, रिझॉल्व्हड आणि नेटवर्क मॅनेजर तेच. फक्त 'आयपी लिंक' मध्ये वायफाय इंटरफेसचं नाव बघून घ्या, यूएफडब्ल्यूच्या ओळीत चुकीचं नाव पडलं तर तो काहीच तक्रार करत नाही आणि नियम नुसताच पडून राहतो. शेवटी टीसीपीडंप लावून व्हीपीएन तोडून बघा, बाकीच्यांवर केलंत तसंच.